अडलात तरच फोन

आता असा नियम कुणी करावा का? पण विनयाबाईंनी केला होता. दर हिवाळ्यात महाराष्ट्रातली वीसेक तरुण पोरं-पोरी दिल्लीला यायची, आपापल्या गावची शेतकरी कंपनी कशी चालवायची ते शिकायला. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसमध्ये उतरायची. विनयाबाई त्यांना पंधरा दिवस पिळून काढायच्या आणि निरोपाला दम भरायच्या, "आभाराचे, सणावाराचे फोन मला चालणार नाहीत. अडलात तर आधी एकमेकांना विचारा. सगळ्यांनीच हात टेकले, तरच मला फोन."

पोरं अशी गुणाची, की फोन येईनासेच झाले.

आता निवृत्ती तोंडावर आली होती. साहेब म्हणाले होते, "मॅडम, रिटायरमेंटनंतरही पुढची बॅच तुम्हीच घ्या ना. सोमवारी सांगा." बाईंचे गुडघे नको म्हणत होते, डोकंही नकोच म्हणत होतं. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये चहा गार होईस्तोवर त्या नुसत्या बसून राहायच्या.

"इतकी वर्षं घसा कोरडा केला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "एकाला तरी आठवण आहे का हो? पालथ्या घड्यावर पाणी सगळं."

"तूच तर तोंडं बंद केलीस त्यांची," विश्वासराव म्हणाले. "आता तूच कर एखादा फोन."

"मी? बिल्कुल नाही!"

पण शुक्रवारी ते बाजारात गेले, तेव्हा बाईंनी गुपचूप वर्ध्याच्या शिवांगीला फोन लावला. ही पोरगी आली तेव्हा चारचौघांत तोंड उघडत नव्हती. बाईंनी तिला रोज सगळ्यांत आधी बोलायला उभं केलं होतं.

"मॅडम?" पलीकडचा आवाज घाबरा. "काय झालं?"

"काही नाही गं. सहज केला."

"सहज?" तिने पुन्हा विचारलं. "बरं, मॅडम." आणि फोन बंद!

घ्या! दोन शब्द बोलायला सवड नाही म्हणजे. बाईंना इतकं लागलं की त्या न जेवताच आडव्या झाल्या. सोमवारी साहेबांना 'नाही' म्हणून सांगायचं, ठरलं.

रविवारी सकाळी दार वाजलं. बाहेर शिवांगी, तिच्यामागे अमरावतीचा चैतन्य. खांद्याला बॅगा, प्रवासाने चेहरे सुकलेले.

"अगं, तुम्ही इथे कसे?"

"तुमचा फोन आला ना!" शिवांगी म्हणाली. "फोन म्हणजे अडलंय, हे तुम्हीच शिकवलंत. वर तुम्ही सहज म्हणालात, तेव्हा तर खात्रीच पटली. सगळ्यांना विचारलं, कुणालाच काही माहीत नाही."

"सगळ्यांना म्हणजे?"

"आपल्या सगळ्या बॅचेसना. आमचं रोजचंच बोलणं असतं," चैतन्य म्हणाला. "माझी संत्री अडकली तेव्हा हिने ट्रक पाठवला. हिचे संचालक रुसून बसले तेव्हा मी जाऊन समजूत काढली. तुमच्यापर्यंत यायची वेळच आली नाही, मॅडम."

विनयाबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. मला काही झालेलं नाही, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"अडलेय गं," त्या म्हणाल्या. "थकलेय मी. फार थकलेय. पुढची बॅच झेपत नाही, आणि सोडवतही नाही."

शिवांगीने बॅग खाली ठेवली.

"मग शिकवतो आम्ही. तुम्ही नुसत्या खुर्चीत बसा," ती म्हणाली. "निरोपाला दम तेवढा तुम्ही भरा, मॅडम. तो आम्हाला नाही जमायचा."