कावेरीची सासू

“जयभीम. मी सुलाबाई पगारे बोलते, नाशिकरोडवरून,” फोन तोंडाशी धरून सुलाबाईंनी मोठ्यानं सांगितलं आणि बोट काढलं. तेवढाच व्हॉइस मेसेज गेला.

“आई, बोट दाबूनच ठेवायचं असतं,” त्यांची सून स्नेहा म्हणाली. “द्या, मी धरते.”

कॉलनीतल्या बायका कालपासून पेटल्या होत्या. रोज सातला लागणारी कावेरीची मालिका वाहिनीनं अचानक गुंडाळली होती. वनखात्यात नेमणूक झालेली कावेरी लहानग्या मुलाला सासूकडे ठेवून लांबच्या जंगलात जाणार की नाही, यावर महिनाभर घराघरांत वाद चालले होते. आणि शेवटच्या भागात काय, तर घरातले सगळे ओळीनं उभे राहिले, हसले आणि संपलं. नेमणुकीचं नावच नाही. शेजारच्या अंजलीनं वाहिनीचा नंबर मिळवून सगळ्यांना वाटला होता. प्रत्येकीनं बोलून पाठवायचं, गप्प बसायचं नाही.

स्नेहाला त्या रागात सामील होता आलं नव्हतं. ती काम करायची त्या दवाखान्यातून तिची नागपूरच्या वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी निवड झाली होती. तिनं घरात सांगितलं तेव्हा सुलाबाई मेथी निवडत राहिल्या. ओझरच्या कारखान्यातून थकून आलेला तिचा नवरा रवी म्हणाला, “आई काय म्हणते बघ.” त्या दिवसापासून सातला टीव्ही लागला की सुलाबाई कावेरीविषयीच बोलायच्या.

“पोराला आईबिगर झोप यायची नाय.” नाहीतर, “म्हातारीच्या गुडघ्यांचा इचार कोण करील?”

चपात्या लाटता लाटता स्नेहा कावेरीची बाजू घ्यायची, हळू आवाजात. दोघींचं बोलणं व्हायचं ते तेवढंच. आता मालिकाच गेली होती आणि नागपूरला कळवायची मुदत शुक्रवारी संपत होती. स्नेहानं मनातल्या मनात नकार देऊनही टाकला होता.

तिनं फोन सासूसमोर धरला, बटण दाबलं. “बोला.”

सुलाबाईंनी पदर सारखा केला, जणू समोर कुणी पाहुणं येऊन बसलं होतं.

“तुम्ही चुकीचं दाखवलं. ती पोरगी एवढी शिकली, ती काय फोटोवानी उभं राहून हसायला? आन् सासूला तर तुम्ही मुकीच करून टाकली. महिनाभर म्हातारी नुसती तोंड फिरवून बसलेली. तिच्या मनात काय हाय, कुणी इचारलंच नाय.”

स्नेहानं बोट तसंच दाबून धरलं.

“ती भीत होती. सून एकदा गेली की परत यायची नाय, असं वाटायचं तिला. लेक दिवसभर कामावर. घरात बोलायला कोण? दुसरं काय नव्हतं.” आवाज जरा खाली आला. “पण तिनं जाऊ दिलं असतं. नातीचं सगळं केलं असतं तिनं. गुडघे काय, सून घरात असली तरी दुखतात.”

आतल्या खोलीत चार वर्षांची वेदिका बाहुलीला दटावत होती.

“कावेरीला मुलगा आहे, आई,” स्नेहा म्हणाली.

सुलाबाईंनी चष्मा काढला, पदराच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

“आसंल,” त्या म्हणाल्या. “जाऊ दे तसंच.”

स्नेहानं बोट उचललं. निरोप गेला.

सुलाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आतल्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

“वेदे, तुझी उशी घेऊन ये गं इकडं. आजपास्नं आजीजवळ झोपायचं.”