पिसांचा टोप

स्पेनच्या ताब्यातल्या अमेरिकेत, पुएब्ला शहरात, इस्पितळाच्या खर्चासाठी चालणाऱ्या नाटकघरात पहिल्याच दुपारी लुसियानाचं हसं झालं. नांदीत ती अमेरिका खंडाचं सोंग घेऊन, राणी होऊन आली, डोक्यावर हातभर उंच पिसांचा टोप घालून. आणि वरच्या सज्जात बसलेल्या गावातल्या बायका तोंडाला ओढणी लावून खिदळायला लागल्या. नांदी बुडालीच, पुढचं नाटकही कुणी धड ऐकलं नाही. समुद्रापलीकडे स्पेनमधल्या सेव्हियात याच टोपाला टाळ्या पडत. इस्पितळाच्या कारभाऱ्याने बजावलं, उद्याही असंच झालं तर जागा दुसऱ्या नाटकमंडळीला देईन.

तिचा नवरा गास्पार मंडळीचा मालक. नांदीत तो स्पेन देशाचं सोंग घेई. त्याच्या मते त्या बायकांना नाटकातलं काही कळत नव्हतं, आणि काहीएक बदलायची गरज नव्हती. लुसियानाला हे पटेना. इतक्या जणी एकदम हसतात, म्हणजे त्यांना काहीतरी दिसलेलं असतं.

सकाळी ती माग्दालेना तेइकूकडे गेली. माग्दालेना इथल्याच मूळच्या लोकांतली, सज्जात सरबत विकणारी. तिने बरेच आढेवेढे घेतले.

"बाई, तो टोप आमच्यात पुरुष घालतात," ती शेवटी म्हणाली. "सणाला राजाचं सोंग घेऊन नाचतात ना, तेव्हा. तुमची राणी दाढी लावून आली असती, तर तुम्ही हसला नसता?"

लुसियानाला तिथेच हसू फुटलं. मग माग्दालेनाने तिच्या दोन वेण्या घालून त्या कपाळावर वळवून बांधल्या, आणि आपला सणाचा विणलेला सैल झगा तिला घालायला दिला.

दुपारी लुसियाना तशीच रंगमंचावर गेली. सज्जा गप्प झाला. पण खाली अंगणात उभे असलेले पुरुष, बहुतेक स्पेनहून आलेले, शिट्ट्या मारू लागले. पिसं कुठे गेली, आम्ही राणी बघायला आलोय, मोलकरीण नाही, असा गलका झाला. गास्पारने टोप आणूनच ठेवला होता. टोप तिच्या हातात कोंबत तो दातांतल्या दातांत म्हणाला, "घाल मुकाट्याने."

तिने टोप घेतला. घातला तर वरच्या बायका जाणार, न घातला तर खालचे पुरुष. नांदीत या ठिकाणी राणीने स्पेनला सोनं-मोती द्यायचे होते. तिने सोन्या-मोत्यांचं तबक बाजूला सारलं आणि टोप उचलून नवऱ्याच्या डोक्यावर पार कानांपर्यंत बसवला.

"आमच्या घरी आलात," तिने उभ्या उभ्या ओळ रचली, "तर आता आमच्या राजासारखं नाचून दाखवा."

खालच्यांना पिसं मिळाली, त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वरच्या बायकाही हसल्या, पण आज त्या राणीच्या बाजूने हसत होत्या. इथल्याच ढोलकऱ्याने सणातल्या त्या नाचाचा ठेका धरला. गास्पार क्षणभर खांबासारखा उभा राहिला आणि मग त्याने अवघडून एक पाय उचलला.

नाटक संपल्यावर कारभारी आत येऊन पुढच्या आठवड्याचेही खेळ पक्के करून गेला. गास्पारने टोप काढून मांडीवर घेतला आणि तो बराच वेळ एकेक पीस सरळ करत बसला.

"उद्या जरा हळू बसव गं," तो म्हणाला. "कान दुमडतात."