जागा धरणारी खुर्ची

मित्रांनो, अमेरिकेत कायद्याचं राज्य आहे असं तुम्ही वाचलं असेल. खरंच आहे. पिट्सबर्गमधल्या एका चढाच्या गल्लीत ते राज्य कित्येक हिवाळे मी एकटीने चालवलं. मी एक जुनी खुर्ची आहे. तेव्हा माझं पिवळं रेक्झिन फाटलेलं होतं आणि एक पाय आजही किंचित आखूड आहे.

आम्ही चौघी बहिणी एकाच कारखान्यात जन्मलो आणि एमिल कोवालचिकच्या स्वयंपाकघरात नांदायला आलो. एमिल पोलादाच्या कारखान्यात कामाला होता. माझी बैठक फाटली तेव्हा बहिणी टेबलापाशी राहिल्या आणि मी तळघरात गेले. तिथून मला वर काढलं ते बर्फाने.

आमच्या गल्लीत बर्फ पडला की मोटारी गाडल्या जात. एमिल सकाळी फावड्याने बर्फ उपसून आपली गाडी मोकळी करी आणि कामावर निघताना त्या रिकाम्या जागेत मला ठेवून जाई. याचा अर्थ एवढाच की ही जागा ज्याने उपसली त्याची आहे. हे कुठेही लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात. एकदा एका पाहुण्याने मला उचलून पदपथावर ठेवलं आणि आपली गाडी लावली. गल्लीतल्या लोकांनी पाइपने पाणी मारून ती गाडी गोठवून टाकली. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला. आज सांगताना तितकासा वाटत नाही.

एमिल निवृत्त झाला आणि त्याच्या हाती एक मासिक पडलं. निवृत्तांनी कुठे राहावं याचा त्यात तक्ता होता. उन्हाचे दिवस, कर, दवाखाने, चोऱ्या, सगळ्याला गुण दिले होते. फ्लोरिडा वादळांमुळे घसरलेलं, ओरेगन पावसामुळे आणि मिनेसोटा थंडीने पार तळाला. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातलं एक गाव पहिलं आलं होतं. लग्नाची पत्रिका जुळवावी तसे एमिलने गुण जुळवले.

"माझी बहीण इथे, माझं चर्च इथे," त्याची बायको बर्नडेट म्हणाली. "तिथे काय निवडुंगाशी गप्पा मारू?"

"एक वर्ष बघू. तुला नाही करमलं तर परत. शब्द देतो."

म्हणून घर विकलं नाही. शेजारच्या वॉल्टच्या पुतण्याला भाड्याने दिलं. माझ्या बहिणी घरासोबत तिथेच राहिल्या. मला मात्र एमिलने ट्रकवर चढवलं.

"तिथे बर्फ नाही, एमिल!"

"असू दे गं."

अ‍ॅरिझोनात बर्नडेटचे गुडघे दुखायचे थांबले. ती तरणतलावात इतर बायकांबरोबर व्यायाम करू लागली, पत्ते खेळू लागली. एमिल वातानुकूलित खोलीत बसून खिडकीबाहेर बघू लागला. पिट्सबर्गात लोक चार महिने घरात कोंडून घेतात. इथेही चारच महिने, फक्त महिने वेगळे. हे तक्त्यात नव्हतं. शिवाय बर्फ उपसायला लोक बाहेर येतात, एकमेकांच्या गाड्या ढकलतात, शिव्या देतात, कॉफी पाजतात. उन्हाला फावडं लागत नाही. त्यामुळे कोणी बाहेरच येत नाही.

दर रविवारी वॉल्टचा फोन येई. एमिल फोन स्पीकरवर लावून टेबलावर ठेवी, म्हणून मलाही ऐकू येई.

"तापमान किती आहे रे आज?"

"एकशे चौदा फॅरनहाइट. पण कोरडी उष्णता आहे, वॉल्ट. घाम येत नाही."

"कारखान्यातल्या भट्टीतही कोरडीच होती, गाढवा. तिथून निवृत्त कशाला झालास?"

एमिल हसे. मग फोन ठेवून पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसे. त्याला परत जायचं होतं. पण दिलेला शब्द 'बर्नडेटला नाही करमलं तर परत' असा होता. त्यामुळे ती कधी कुरकुरते याची तो वाट बघत होता. आणि ती गाणं गुणगुणत ओला टॉवेल वाळत घालत होती.

आम्ही राहायचो त्या इमारतीच्या वाहनतळावर एकच झाड होतं आणि त्याच्या सावलीत एकच गाडी मावे. बाकीच्यांची स्टिअरिंग हाताला चटके देत. एका सकाळी एमिलने मला खाली नेलं, सावलीच्या मधोमध ठेवलं आणि गाडी घेऊन बाजारात गेला. मित्रांनो, कितीतरी दिवसांनी मला पुन्हा काम मिळालं होतं. मी ताठ उभी राहिले.

तेवढ्यात त्याच इमारतीत राहणारी येसेनिया आली. ती शाळेची बस चालवते. त्या इमारतीत नको असलेलं सामान लोक वाहनतळावर आणून ठेवतात आणि ज्याला हवं तो नेतो. तिने मला उचललं, आपली गाडी सावलीत लावली आणि मला घरी नेऊन माझ्या बैठकीवर नवं निळं कापड ठोकलं.

दुपारी एमिल तिच्या दारात उभा राहिला. चेहरा लालभडक.

"ती माझी खुर्ची आहे!"

"अय्या, तुम्ही ठेवली होती? किती छान आहे! बसा ना, मिस्टर एमिल. कॉफी करते."

तो माझ्यावर बसला. तळघरात गेल्यापासून माझ्यावर कोणी बसलंच नव्हतं. कॉफी संपायच्या आत बर्नडेट त्याला शोधत आली.

"एका खुर्चीसाठी लोकांच्या घरी जाऊन ओरडतोस?"

"मला परत जायचंय, बर्नी."

ती दारातच थांबली. "मला नाही जायचं," ती हळूच म्हणाली. "तिथे मला जिना उतरता येत नव्हता, एमिल. तू बर्फ उपसत होतास, मी खिडकीतून बघत होते."

येसेनिया उगाच कप धूत राहिली. एमिलने माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि मला तिथेच ठेवून तो बायकोबरोबर गेला. पुढच्या महिन्यात पिट्सबर्गचं घर वॉल्टच्या पुतण्याला विकलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. आणि त्या दाराबाहेर ठेवण्याआधी, त्या गावात तसं ठेवण्याचा अर्थ काय होतो एवढं कोणाला तरी विचारा.

त्या हिवाळ्यात पिट्सबर्गला दोन इंच बर्फ पडला. तो दुपारपर्यंत वितळला. जागा धरायला कोणाला खुर्ची काढावीच लागली नाही.