गेरासिम पाद्र्याचा मुलगा

"मेल्याला काही रीत आहे का? ना विचारलं, ना सांगितलं, माझ्याच फाटकावर कागद डकवून मोकळा!"

स्तामेना म्हातारी शेजारणीला ऐकवत होती आणि थडग्यापाशी वाटायच्या उकडलेल्या गव्हावर साखर भुरभुरत होती. कागद वडिलांच्या पुण्यतिथीचा. फोटो, क्रूस, खाली शोक करणाऱ्यांची नावं. वडील, म्हणजे गेरासिम पाद्री, गेले तेव्हापासून तिथे दरवर्षी एकच नाव असे, स्तामेनाचं. यंदा तिच्याही वर धाकट्या भावाचं होतं, आणि पुढे 'राजदूत'.

हा भाऊ नाऊम, देशात राजा होता तेव्हा परराष्ट्र खात्यात लागला. मग कम्युनिस्ट पक्षाची राजवट आली नि बरोबरीचे सगळे गळले, हा टिकला. पाद्री म्हणून बापाला तुरुंगात टाकलं तेव्हा यानं खात्याला लिहून दिलं, या माणसाशी माझा संबंध नाही. बाप सुटून घरी येऊन मेला, मातीलाही हा आला नाही. पुढे राजदूत होऊन देशोदेशी मिरवला. आता पक्ष गेला होता आणि नव्या सरकारला छळ सोसलेल्या घरांतली मुरलेली माणसं हवी होती.

तो राजधानीहून, सोफियाहून, मोटारीनं आला. बरोबर वर्तमानपत्रातली एक मुलगी.

"ताई, तू नुसती शेजारी उभी राहा. बोलायचं मी बघतो."

"ते तू जन्मभर बघत आलायस."

"या वयात पुन्हा नेमणूक मिळतेय गं. हिनं चांगलं छापलं की झालंच."

थडग्यावर वाईन ओतून झाली. मुलीनं विचारलं, "वडील गेले तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"लपूनछपून आलो होतो," नाऊम म्हणाला. "तेव्हापासून दरवर्षी येतो."

गावातली म्हातारी माणसं आपापल्या बुटांकडे बघू लागली.

स्तामेना गव्हाचं भांडं घेऊन फिरली. जो तो हात पुढे करी नि म्हणे, "देव त्यांना क्षमा करो." तिथे दुसरं काही म्हणत नाहीत, शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नाऊमच्या तळहातावर तिनं चमचा उपडा केला. तो मेजवानीत झुकावं तसा झुकून म्हणाला, "मनापासून आभार."

कुणीतरी खाकरलं. मुलीची पेन्सिल थांबली. तिनं नाऊमकडे पाहिलं, मग म्हातारीकडे.

"आजी, हे खरंच दरवर्षी येतात?"

नाऊमच्या हातातले गहू मातीत सांडले. एका शब्दाचं काम होतं. किती वर्षं तो शब्द स्तामेनाच्या जिभेवर होता! पण खाली तो माणूस निजला होता, जो शेवटच्या आजारात दाराकडे डोळे लावून म्हणायचा, 'माझ्यामुळे पोराला त्रास नको.'

"मी बहीण आहे त्याची, साक्षीदार नव्हे," ती म्हणाली. "गहू खा बाई."

मुलीला काय कळायचं ते कळलं. तिनं वही मिटली आणि मोटारीकडे चालू लागली.

माणसं पांगली. नाऊम तिथेच उभा होता. "नुसतं हो म्हणायला तुझं काय जात होतं, ताई?"

स्तामेनानं रिकामं भांडं कमरेवर घेतलं.

"खुर्च्या काय, राजानं दिल्या, पक्षानं दिल्या, उद्या आणखी कुणी देईल. पण या माणसाचा मुलगा म्हणून तुला कुणी नेमलं नव्हतं, नाऊम, आणि कुणाच्या बापाला काढताही आलं नसतं. तेवढी एकच जागा तू आपल्या हातानं सोडलीस."