कणगीची माती

टक्. बायनामावशीने बोटाच्या पेराने कणगी वाजवली. भिंतीकडे झोपलेल्या माझ्या छबूने कूस बदलली आणि दुपार पुन्हा निपचित झाली.

"वाळली बघ," मावशी म्हणाली. "वत आता काढून ठेवलेली वरची ज्वारी. औंदा बी किडा फिरकायचा न्हाई."

मागच्या साली ही कणगी तिनेच लिंपली होती. परवा येऊन वरच्या बाजूचे पडलेले पोपडे भरून गेली. लेकी सासरी गेल्यापासून मावशी एकटी, पण वडवणीपर्यंतच्या बायका तिला बोलावणं धाडतात. माती सोसायटीच्या जुन्या गोदामातली. तिच्या लिंपणात धान्य टिकतं.

काल दुष्काळाच्या पाहणीला कृषी सहायक आले होते. गोदामाची चौकट इतकी वर्षं मातीत पडलीय, तिला वाळवी कशी नाही, असं मी सहज विचारलं. तिथे किडीची पावडर ठेवायचे, म्हणाले. गोण्या फुटून जमिनीत गेली.

"मग आता जिरली असेल ना?"

"ओल असली, मातीत जीव असला, तर हळूहळू मोडते. ही छपराखालची कोरडी माती, त्यात पाऊस नाही. मोडणार कशानं? हात लावू नका तिला, ताई."

सकाळपासून मी शब्द जुळवत होते.

"मावशी, ही माती नको."

"कावून? तुझी सासू चहा पाजून न्यायची मला, अन् तू नाक मुरडतीस व्हय?"

मी सगळं सांगितलं. ती आधी हसली. "अगं, मी चाखून बघते माती, चिकट हाय का न्हाई. मेले का?"

मग हात पुसायला पदर उचलला आणि थांबली. हात तसेच अधांतरी धरून म्हणाली, "धाकट्या लेकीचं बाळंतपण झालं, तवा तिची खोली बी ह्याच मातीनं मीच..."

खुरपं मागून घेतलं आणि आपलंच लिंपण खरवडायला बसली.

"ज्वारी खड्ड्यात घाल. कोंबड्यास्नी बी नको."

सुगीपर्यंत तेवढीच होती घरात. मी कणगीतली पोत्यात भरू लागले.

"येवढी घरं," ती खाली बघूनच म्हणाली, "कुण्या तोंडानं जाऊ गं?"

खरवडण्याने छबू उठली. डोळे चोळत पोत्याशी येऊन उभी राहिली, रिकाम्या होणाऱ्या कणगीत डोकावली. मग फ्रॉक वर करून पोटावर हात ठेवला.

"आई, मी खाल्लेली पण काढायची का गं?"