सुजलेले गुडघे

बहिणीने दिलेली गाय व्याली, तेव्हा तिचं पत्र आलं होतं: ‘दादा, वासरू उड्या मारतं का रे?’ ते धड उभं राहिलं की कळवू, म्हणून म्हाताऱ्याने उत्तरच दिलं नाही. वासराचे गुडघे टम्म सुजले होते.

“आजोबा, जन्मल्या दिवशीच बेंबीला औषध लावायचं असतं,” जनावरांचा डॉक्टर म्हणाला. “तिथूनच सांध्यांत पू गेलाय.”

“पुस्तकात वाचलं होतं. पण म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं!”

“मग पुस्तकं काय उशाला घ्यायला आणता?”

इंजेक्शनं संपली. म्हातारा पोटाखाली हात घालून वासराला उभं करी. हात काढला की ते मटकन खाली बसे आणि तोच हात चाटत राही.

अखेर त्याने लिहिलं, ‘ते चालत नाही. चूक माझीच आहे. तू ये.’ आणि पुन्हा न वाचता पत्र टपालपेटीत टाकलं.