टेबलाच्या पायाला मुंग्या

बेकरीत त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आलेले सगळे पायांसाठीच आले होते. कुणाच्या तळव्यांची आग होत होती, कुणाला टाचेत सुया टोचत होत्या, बाकीच्यांच्या पायांना मुंग्या येत होत्या. मधोमध खुर्चीत मुंगीबाबा बसले होते. बाबा पायातल्या मुंग्या बाहेर काढत. म्हणजे खरोखरच्या, काळ्या, चालणाऱ्या मुंग्या.

"भाषा खोटं बोलत नाही," बाबा सांगत होते. "पायाला मुंग्या आल्या असं तुम्हीच म्हणता ना? आल्या म्हणजे आत आल्या. डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्या मरतात, पण मेल्यावर जातील कुठे? नसेतच अडकतात. म्हणून त्यांना जिवंतपणी, मानाने बाहेर बोलवावं लागतं."

एवढी शास्त्रशुद्ध मांडणी ऐकून एका निवृत्त मुख्याध्यापकांनीही मान डोलावली.

उपचार सोपा होता. पायाला बाबांची पांढरी पट्टी गुंडाळायची, वर कोमट पाणी शिंपडायचं आणि डोळे मिटून बसायचं. थोड्या वेळात पट्टीतून मुंग्यांची रांग निघे. शिवाय रोज 'नसांचं सरबत' घ्यायचं. ते चांगलं गोड असे, कारण मुंग्यांना वाट दाखवायला गोडच लागतं. मधुमेहाच्या गोळ्या, पथ्य, चालणं सगळं बंद. त्याने म्हणे मुंग्या बिथरतात.

बाबांचा सगळ्यात लाडका रोगी म्हणजे बेकरीचे मालक, सगळ्यांचे काका. बिस्किटांना मुंग्या लागू नयेत म्हणून या माणसाने जन्मभर टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या होत्या, आणि आता स्वतःच्या पायातून मुंग्या निघताना पाहून तो हात जोडत होता. गल्ल्यावर बसलेल्या काकूंना एरवी याचं हसू आलं असतं. पण डॉक्टरीणबाईंनी त्यांना स्पष्ट सांगून ठेवलं होतं. काकांच्या रक्तातली साखर अशीच वाढत राहिली तर पाय बधिर होईल, जखम झालेली कळणार नाही, आणि न कळलेली जखम चिघळली तर पायच कापावा लागेल. आणि काल काका घरी आले ते एकाच चपलेवर. दुसरी वाटेत कुठे गळाली, त्यांना पत्ता नव्हता. काकूंनी तेव्हाच हाय खाल्ली होती.

बाबांनी पेटीतून काकांसाठी नवी पट्टी काढून ठेवली. काकू उठल्या आणि त्यांनी ती उचलली.

"अगं, ती माझी आहे," काका म्हणाले.

"माहीत आहे. आज आधी टेबलाला."

काकूंनी बिस्किटांच्या टेबलाच्या एका पायाला पट्टी गुंडाळली, वर कोमट पाणी शिंपडलं आणि रीतसर डोळे मिटून बसल्या. लोक हसायला लागले. हसता हसता गप्प झाले. टेबलाच्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

"खालून चढल्या असतील," बाबांचा शिष्य म्हणाला.

"वाटीतलं पाणी ओलांडून? अहो, तुम्हीच सांगा यांना, या वाट्या कशाला ठेवतो आपण."

भक्ती एकीकडे आणि धंदा एकीकडे. काका चाचरत म्हणाले, "पाण्यावरून मुंगी जात नाही."

काकूंनी बाबांना अगदी काळजीने विचारलं, "बाबा, टेबलाचं दुखणं किती जुनं असेल?"

बाबा डगमगले नाहीत. "बाई, तुमच्या घरातला एकूण एक पाय आजारी आहे."

मग मात्र हशा पिकला. काकूंनी कात्री घेऊन पट्टी सगळ्यांसमोर उलगडली. कापड दुहेरी होतं. आत साखरेची पूड, पुडीत मुंग्या, आणि कडा खळीने चिकटवलेल्या. कोमट पाण्याने खळ सुटली की दार उघडे. मुख्याध्यापकांनी पेटीतली दुसरी पट्टी उघडली, तिच्यातही तेच निघालं. तोवर बाबांना दुसऱ्या गावच्या रोग्याची आठवण झाली आणि ते मागच्या दाराने गेले.

गर्दी पांगली. बेकरीभर मुंग्या सोडून सगळे घरी गेले. काका खुर्चीतच बसून होते.

"असेल ढोंग," ते शेवटी म्हणाले. "पण माझं दुखणं थांबलं ते तर खरं ना? आधी रात्र रात्र आग व्हायची. आता काही म्हणजे काही वाटत नाही."

काकू फडकं घेऊन फरशी पुसत होत्या. सांडलेल्या मुंग्यांनी रांग धरली होती. काकूंना वाटलं, निघाल्या बिस्किटांकडे. पण रांग टेबलाकडे जात नव्हती. ती काकांच्या टाचेखाली शिरत होती.

"अहो, पाय उचला."

त्यांनी पाय उचलला. तळव्याला भट्टीजवळ कधीतरी भाजून मोठा फोड आला होता, तो फुटला होता, आणि त्या कच्च्या मांसावर मुंग्या चावत होत्या. काका अजून सांगत होते, "बघ, काही वाटत नाही." मग त्यांनी काकूंचा चेहरा पाहिला आणि वाकून तळवा पाहिला. "चल, दवाखान्यात," ते म्हणाले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, पट्टी बांधली. हीसुद्धा पांढरीच होती, पण आत कुणी नव्हतं. "वेळेवर आलात, पाय वाचेल," त्या म्हणाल्या. मग त्यांनी नायलॉनचा बारीक धागा घेतला. "डोळे मिटा. स्पर्श कळला की सांगा." काका वाट पाहत राहिले. धागा केव्हाच अर्धा तळवा फिरून आला होता.

"काका, दुखणं बरं झालं नाही. दुखतंय हे सांगणारी नस गप्प झाली."

धागा अंगठ्याला लागला तेव्हा काका म्हणाले, "हां, इथे कळलं." काकूंना रडू आवरेना. जे उरलं होतं ते तरी हातात होतं.

ते सांभाळायला चमत्कार लागत नाही. साखर ताब्यात ठेवणाऱ्या गोळ्या, मोजकं खाणं, जखम भरल्यावर बंद बुटात रोजचं चालणं. बी-बारा जीवनसत्त्व कमी आहे का ते रक्त तपासून बघायचं, आणि कमी असेल तरच घ्यायचं. रोज आरशात तळवे पाहायचे. काका हे सगळं कुरकुरत करतात. आरसा काकू धरतात.

मुंग्या येतात, असं आपण बोलतो. तेवढ्याने पायात वारूळ होत नाही. पण उद्या कुणाच्या डोक्यातला किडा काढायलाही कुणीतरी पेटी घेऊन येईल, आणि त्याच्याभोवतीही गर्दी जमेल. त्याला शिव्या देऊ नका, हातही जोडू नका. परवा एक गिऱ्हाईक काकांना सांगत होतं, नसा मोकळ्या करणारं एक नवं कडं आलंय, घालताच गुण येतो.

काकांनी बिस्किटांचा पुडा बांधून त्याच्या हातात दिला आणि विचारलं, "आधी टेबलाला घालून पाहिलंत का?"